साहेबांचे पांढरे केस आणि आप्पाचा डावा हात

चार दिवस झाले, आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. एका चौकटीत दोन चेहरे. डावीकडे शपथविधीच्या दिवशीचे साहेब, केस काळेभोर, गाल भरलेले. उजवीकडे परवाच्या कार्यक्रमातले साहेब, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मान जरा वाकलेली, डोकं पांढरं. खाली मोठ्या अक्षरात, "तुमच्या-आमच्यासाठी झिजलेला माणूस. रोज अठरा तास काम." मला हा फोटो अकरा वेळा आला. एका कार्यकर्त्याने तर पर्सनलवर पाठवून वर विचारलं, "आता तरी विरोधात लिहिणार का?"

लिहिणार की. साहेबांच्या विरोधात नाही, म्हणून त्यांचं नावही घेत नाही. माणूस म्हणून त्यांची तब्येत चांगली राहावी असं मलाही वाटतं. लिहायचंय ते या फोटोच्या विरोधात, आणि खालच्या त्या "अठरा तास" च्या विरोधात.

आधी केसांचं उरकून घेऊ. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचे आठ-दहा वर्षांचे दोन फोटो शेजारी ठेवले की तो म्हातारा दिसणारच. माझे ठेवा. मी आयुष्यात साधा सोसायटीचा चेअरमन झालो नाही, तरी मागून टक्कल आणि पुढून पांढरं अशी माझी अवस्था आहे. आणि आपल्या पुढाऱ्यांच्या बाबतीत तर केसांचा पुरावा कोर्टातही टिकायचा नाही. ताण किती होता ते कलप लावायला सवड मिळाली की नाही यावर ठरतं.

ही फोटो जोडायची फॅशन अमेरिकेतून आली. तिथे प्रत्येक राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की असे फोटो छापतात. ओबामा २००९ मध्ये आले तेव्हा ४७ वर्षांचे होते, गेले तेव्हा ५५ चे. या वयात कुणाचे केस काळे राहतात? मात्र एक उदाहरण असं आहे की ते पाहून मीही गप्प झालो होतो. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याचे प्लास्टरचे दोन साचे घेतले गेले. पहिला १८६० सालचा, निवडणुकीआधी. दुसरा फेब्रुवारी १८६५ मधला, खून होण्याच्या दोन महिने आधी. मधे पाच वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत. पहिल्यात एक राकट, तगडा माणूस दिसतो. दुसऱ्यात गाल आत गेलेले, डोळे खोल गेलेले. तो साचा पुढे कित्येकांना मेल्यानंतर घेतलेला वाटला. मधल्या काळात यादवी युद्ध झालं होतं, लाखो माणसं मेली होती, आणि लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा १८६२ मध्ये गेला होता. तेव्हा सत्तेचा ताण माणसाला खातो हे खोटं आहे, असं मी म्हणत नाही.

पण किती खातो? यावर अभ्यास झालेत आणि ते गमतीशीर आहेत. २०११ मध्ये ओल्शान्स्की नावाच्या संशोधकाने अमेरिकेच्या ज्या ३४ राष्ट्राध्यक्षांना नैसर्गिक मरण आलं त्यांचा हिशेब केला. त्यातले २३ त्यांच्या वयाच्या सर्वसाधारण पुरुषांपेक्षा जास्त जगले. म्हणजे झीज वगैरे काही नाही? थांबा. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरा अभ्यास आला. त्यांनी १७ देशांतले, १७२२ पासूनचे ५४० उमेदवार घेतले (भारत त्यात नाही) आणि निवडून येऊन देश चालवणाऱ्यांची तुलना केली निवडणूक हरलेल्यांशी, ज्यांना ते पद कधीच मिळालं नाही. वयाचा वगैरे फरक वजा करून निघालं ते असं, की जिंकलेले हरलेल्यांपेक्षा साधारण २.७ वर्षं कमी जगले.

दोन्ही खरं आहे. तुलना कुणाशी करता एवढाच प्रश्न. स्वतःसारख्याच शिकलेल्या, पैसेवाल्या, खात्यापित्या घरच्या दुसऱ्या पुढाऱ्याशी तुलना केली तर खुर्चीवर बसणारा दोन-अडीच वर्षं गमावतो. तुमच्या-माझ्याशी केली तर तो तरीही पुढेच. फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

आपल्याकडची उदाहरणं तर वाटेल तशी लावता येतात. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले आणि १९ महिन्यांत, ताश्कंदमध्ये करारावर सही केल्यावर काही तासांत गेले. वय ६१. (कटाच्या गोष्टी कमेंटमध्ये नकोत, त्यावर वेगळं भांडू.) आपले दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, १९६३ च्या नोव्हेंबरात पदावरच गेले. चीनच्या युद्धानंतरचे नेहरू ज्यांनी पाहिले ते सांगत की माणूस ओळखू येत नव्हता. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात त्यांना झटका आला, मे मध्ये गेले.

आता दुसरी बाजू घ्या. मोरारजी देसाई. त्यांचं नाव काढलं की आपल्याला अजून हुतात्मा चौक आठवतो. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, केंद्रात अर्थमंत्री, ८१ व्या वर्षी पंतप्रधान. जगले ९९ वर्षं. दोनदा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा, तेही ९९. वाजपेयी ९३. मनमोहन सिंग ९२, आणि त्यांची तर पंतप्रधानपदावर असताना दुसरी बायपास झाली होती. शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री, केंद्रात गृहमंत्री, ८३. यातून "सत्ता झिजवते" हेही सिद्ध होतं आणि "सत्ता मानवते" हेही. म्हणून म्हणतो, चेहऱ्यावरून मतं मागू नका.

आता "अठरा तास" वर येतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

हा अठरा तासांचा आकडा आपल्याकडे पदवीसारखा लावला जातो. दिल्लीपासून गल्लीपर्यंत. अमुक साहेब चारच तास झोपतात, तमुक दादा पहाटे कामाला लागतात, भाऊंनी तर कित्येक वर्षांत सुट्टीच घेतली नाही. ऐकणारे माना डोलावतात. मला एक सांगा, तुमच्या मुलाचं ऑपरेशन आहे आणि नर्स म्हणाली, "काळजी नको, डॉक्टर एकोणीस तास झाले झोपले नाहीत, खूप कष्टाळू आहेत," तर तुम्ही टाळ्या वाजवाल की मुलाला उचलून दुसऱ्या दवाखान्यात न्याल?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजलंय. सलग १७ ते १९ तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांमध्ये तसाच वागतो जसा रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. म्हणजे अठरा तास जागे असलेले साहेब ज्या अवस्थेत फायलीवर सही करतात, त्याच गुंगीत तुम्ही-मी दारू पिऊन स्कूटर चालवली तर पोलीस गाडी जप्त करतील. आणि स्कूटरवर फार तर दोन माणसं असतात. फायलीवर धरणाचं पाणी असतं, एखाद्या गावाचं पुनर्वसन असतं, भरतीची यादी असते.

रात्रीच्या निर्णयांचं आपल्याला कौतुकच फार. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, आठच्या सुमारास शपथ झाली आणि चौथ्या दिवशी राजीनामा. तो झोपेचा दोष होता असं मी म्हणत नाही, त्यात बाकी बरंच काही होतं. पण रात्रभर जागून केलेला कारभार म्हणजे कार्यक्षमता, ही समजूत त्या सकाळी तरी जायला हवी होती. गेली नाही.

बरं, माणूस आहे, थकणार, आजारी पडणार. त्यात लाज कसली? पण आपल्याकडे "झिजले" हे फोटोत चालतं आणि मेडिकल रिपोर्टमध्ये चालत नाही. केस पांढरे झाले हे गावभर सांगायचं, रक्तदाब किती आहे हे मात्र खाजगी. हा ढोंगीपणा फक्त आपलाच नाही. अमेरिकेचे वुड्रो विल्सन १९१९ मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आणि पुढचे कित्येक महिने त्यांची पत्नी आणि डॉक्टर मिळून कुणाला आत सोडायचं, कुठला कागद दाखवायचा ते ठरवत होते. फ्रँकलिन रूझवेल्टचं प्रकरण तर त्याहून गंभीर. मार्च १९४४ मध्ये हृदयाच्या डॉक्टरने त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब भयानक वाढलेला होता, हृदय कमजोर झालं होतं. लोकांना सांगितलं, तब्येत उत्तम आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते चौथ्यांदा निवडून आले. फेब्रुवारीत याल्टाला जाऊन स्टालिन आणि चर्चिलबरोबर बसले. १२ एप्रिल १९४५ ला गेले, वय ६३. त्यांच्या जागी आलेल्या ट्रुमनना अणुबॉम्बच्या प्रकल्पाची नीट माहिती खुर्चीवर बसल्यानंतर मिळाली. साहेबांची तब्येत लपवायची म्हणजे पुढच्या माणसाला तयारही करायचं नाही, हा त्याचा दुसरा अर्थ.

आपल्याकडे जयललिता २२ सप्टेंबर २०१६ ला हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि ५ डिसेंबरला गेल्या. पंच्याहत्तर दिवस एका मोठ्या राज्याच्या मुख्यमंत्री नेमक्या कशा आहेत हे त्या राज्याला धड कळलं नाही. नंतर चौकशी आयोग बसला.

आणि शेजारचं गोवा. मनोहर पर्रीकरांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण तो माणूस मला आवडायचा. २०१८ पासून स्वादुपिंडाचा कर्करोग. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली असे उपचार चालू होते. जानेवारी २०१९ च्या शेवटी त्यांनी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. मार्चमध्ये गेले, वय ६३, पदावर असतानाच. त्या अर्थसंकल्पाच्या फोटोवर लोक रडले, मीही हळहळलो. पण जरा शांतपणे विचार करा. ते दृश्य जिद्दीचं होतं हे खरं, तसंच ते पक्षाच्या लाचारीचंही होतं. दुसरा चेहरा पुढे केला तर आघाडी टिकेल का, याची भीती होती, म्हणून एका मरणाच्या दारात असलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून ठेवलं. विरोधकांनी तब्येतीची माहिती मागितली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, उत्तर आलं खाजगीपणाचं. त्या माणसाला शेवटचे महिने घरच्यांबरोबर शांतपणे मिळायला हवे होते, असं कुणालाच वाटलं नाही?

उघडपणे करता येतं, हेही आपण पाहिलंय. वाजपेयींच्या गुडघ्याचं ऑपरेशन २००० साली मुंबईत ब्रीच कँडीला झालं, सगळ्या देशाला माहीत होतं. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंगांची बायपास झाली तेव्हा सांगून झाली, मधल्या काळात प्रणव मुखर्जींनी काम सांभाळलं. आभाळ कोसळलं नाही. उलट आपल्याकडे २०२१ च्या नोव्हेंबरात उद्धव ठाकरेंच्या मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा "कार्यभार कुणाकडे" या साध्या प्रश्नाचं दोन्ही बाजूंनी राजकारण झालं. कारण नियमच नाही. राष्ट्रपती आजारी पडले तर काय करायचं ते घटनेच्या ६५ व्या कलमात लिहिलंय. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री आजारी पडले तर? एक ओळ नाही. अमेरिकेने निदान १९६७ मध्ये २५ वी दुरुस्ती करून ठेवली. (तरी बायडनबद्दल पक्षातलेच लोक जुलै २०२४ पर्यंत गप्प बसले, तेव्हा नुसत्या कायद्यानेही भागत नाही हे मान्य.)

आता जे सांगायला बसलो होतो ते सांगतो.

माझा मावसभाऊ आहे, आम्ही त्याला आप्पा म्हणतो. एका मंत्र्याच्या ताफ्यातली गाडी चालवायचा. कंत्राटी, एजन्सीमार्फत. साहेब वाईट नव्हते, ढाब्यावर थांबले की "आधी ड्रायव्हर पोरांना वाढा" म्हणायचे. पण दिनक्रम असा, की मुंबईत बैठक रात्री एकला संपणार आणि सकाळी साडेसातला इकडे भूमिपूजनाचा नारळ. त्या रात्री साहेब मागच्या सीटवर झोपून यायचे. बरोबरच आहे, झोपायलाच हवं. आप्पा मला एकदा म्हणाला होता, "साहेब मागं झोपत्यात रं, मी कुठं झोपू?" खंबाटकी उतरताना डोळा लागू नये म्हणून तो काच खाली करून तोंडावर वारं घ्यायचा, तंबाखूचा बार भरायचा, कधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा. हसत सांगायचा हे.

शेहेचाळिसाव्या वर्षी सकाळी आंघोळ करताना त्याची डावी बाजू गेली. बीपी किती वर्षं वाढलेलं होतं कुणास ठाऊक, मोजलं कुणी? साहेबांचा फोन आला, पीएच्या हातून पाकीट आलं. एजन्सीने दुसरा ड्रायव्हर दिला. सरकारी बिल वगैरे प्रश्नच नव्हता, तो सरकारी माणूस नव्हताच. घरच्यांनी दोन म्हशी विकल्या. पाय बराचसा सुधारलाय, डावा हात अजून चहाचा कप धरत नाही.

हे एकट्या आप्पाचं नाही, आणि मी भावनेच्या भरात बोलत नाही. लंडनला सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, सुमारे अठरा हजार पुरुष. सगळ्यांची समजूत अशी की वरच्या साहेबांना ताण जास्त, हार्ट अटॅक त्यांना जास्त. निघालं उलटं. सगळ्यात खालच्या पायरीवरचे शिपाई, निरोपे यांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिप्पट. बिडी-सिगारेटचा, रक्तदाबाचा हिशेब लावला तरी त्यातला थोडाच फरक सुटला. पुढच्या संशोधनात एक कारण ठळकपणे पुढे आलं, कामावर स्वतःचा ताबा नसणं. बैठक किती वाजता ठेवायची हे साहेब ठरवतात. तिथे पोहोचायचं कसं हे ड्रायव्हरने बघायचं. साहेबांचा ताण असा पायऱ्या उतरत खाली येतो, आणि खाली त्याला ना बिल मिळतं ना फोटो.

बंदोबस्तावरचा हवालदार घ्या. साहेब अर्धा तास येणार म्हणून तो सकाळपासून उन्हात उभा. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तोही एका साध्या शिपायाने डोकं लढवून आखणी केली म्हणून. राज्यभर किती ठिकाणी ती आठ तासांची ड्यूटी दिसते, ते तुमच्या ओळखीच्या पोलिसाला विचारा. हसेल तो. आणि विनायक मेटे आठवतात ना? १४ ऑगस्ट २०२२. आरक्षणाच्या बैठकीला वेळेत पोहोचायचं म्हणून बीडकडून रात्रीतून मुंबईला निघालेले, पहाटे पाचच्या सुमाराला एक्स्प्रेसवेवर अपघात, वय अवघं ५२. आठवडाभर लेनची चर्चा झाली, मदत किती वेळाने आली याची झाली. बैठका अशा का ठेवतात की माणसांना रात्र रस्त्यावर काढावी लागते, हे कुणी विचारलं नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. मंत्र्यांच्या उपचाराची बिलं आपण भरतो, मग वर्षातून एकदा सरकारी डॉक्टरांच्या सहीने दोन पानं विधिमंडळापुढे ठेवा. सगळा इतिहास नको, एवढंच की माणूस काम करायच्या अवस्थेत आहे की नाही. मुख्यमंत्री पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ काम करू शकत नसतील तर कुणी बघायचं, हे आधीच लिहून ठेवा. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीला दोन ड्रायव्हर द्या आणि कंत्राटी असले तरी त्यांचा विमा काढा. आणि आपत्ती सोडून रात्री दहानंतर बैठक लावायची असेल तर कारण लेखी द्या. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. मागच्या महिन्यात साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात हेच चार मुद्दे लिहून दिले. पोच मिळाली. उत्तर यायचंय. रात्री बारानंतर आलं तरी चालेल म्हटलं.

कार्यकर्ते मंडळी आता खाली येऊन "तुम्ही एक दिवस साहेबांसारखं जगून दाखवा" असं लिहितील. आप्पा नऊ वर्षं जगलाय, साहेबांच्या दीड हात पुढे, स्टिअरिंग धरून. त्याला विचारून त्याचे दोन फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. डावीकडचा २०१३ चा, गाडीला टेकून उभा आहे तो. उजवीकडचा गेल्या रविवारचा. तोही अकरा ग्रुपवर पाठवा.